कोरडा डबा

मी भित्री आहे, हे आमच्या घरात कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. बाहेर पडताना मी कुलूप ओढून बघते आणि जिना उतरल्यावर परत वर जाऊन आणखी एकदा ओढून बघते. कोणाला घरी यायला उशीर झाला की माझ्या डोक्यात अपघात, दवाखाना आणि पुढचं सगळं होऊन जातं, आणि तोवर तो माणूस दारात चपला काढत असतो. नवरा म्हणतो, "आमच्याकडे भोंगा बसवायची गरज नाही, ही आहे." सासूबाई हसतात. नणंद सगळ्यांत मोठ्याने हसते.

ही नणंद म्हणजे ठकी. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गुटगुटीत होती म्हणून पडलेलं नाव, चाळिशी जवळ आली तरी सुटलेलं नाही. आम्ही दोघी एकाच संस्थेत नोकरीला. मी वरच्या मजल्यावर फळ्यावर द्रव हेलियमची समीकरणं मांडते आणि ती तळघरात खऱ्याखुऱ्या द्रव हेलियमशी खेळते. "वहिनीचं हेलियम कधी सांडत नाही," असं ती पाहुण्यांना सांगते. मला राग येतो, पण खोटं काही नसतं त्यात.

त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"वहिनी, खाली ये. सापडलं."

"काय सापडलं?"

"ये तर. आईला सांगून झालं, दादाला सांगून झालं. तुला मुद्दाम शेवटी ठेवलं. तू लगेच शंका काढणार."

मी खडूचे हात साडीला पुसत खाली गेले. तिची खोली लांबट, बिनखिडक्यांची, आणि शेजारच्या खोलीतल्या पंपाची घरघर तिथल्या फरशीतून तळपायाला जाणवते. खोलीच्या मधोमध जमिनीत एक खड्डा आहे. उभा माणूस मावेल एवढा खोल, उतरायला लोखंडी शिडी. त्या खड्ड्यात ठकीचं काचेचं उंच भांडं लटकलेलं असतं. थर्मासच्या आत असते तशी दुहेरी, आरशासारखी चकचकीत काच. फक्त एका बाजूला वरून खालपर्यंत बोटभर रुंदीची पट्टी मुलामा न देता मोकळी ठेवलेली, आत किती हेलियम उरलंय ते बघता यावं म्हणून.

त्या हेलियममध्ये बुडवलेला एक तांब्याचा डबा होता, जेवणाच्या डब्याएवढा. आणि डब्याच्या तळाशी तिचा स्फटिक. तो वाढवायला तिला काही वर्षं लागली होती आणि तसा दुसरा नव्हता. स्फटिकाच्या एका टोकाला बारीकसा हीटर चिकटवलेला, दोन्ही टोकांना थर्मामीटर. डब्यातली सगळी हवा काढून टाकायची, म्हणजे ऊब एका टोकाकडून दुसरीकडे जाईल ती स्फटिकातूनच, दुसरी वाटच नाही. बाकीचे लोक हवा काढायची नळी तशीच ठेवतात, वर तिला व्हॉल्व्ह असतो. ठकी ठेवत नाही. नळी ठेवली की तिच्यातून वरची ऊब खाली उतरते आणि मोजमाप बिघडतं, असं तिचं म्हणणं. ती हवा काढून झाली की नळी पकडीने दाबून चपटी करते आणि कापून टाकते. मग त्या डब्याला आत जायला वाट नाही, बाहेर यायला वाट नाही. "माझा डबा कोरडा असतो," हे तिचं ठरलेलं वाक्य. तळघरातले लोक तिच्या पाठीमागे तिला त्याच वाक्याने चिडवतात.

ती खड्ड्यात होती. काचेच्या पट्टीला नाक लावून, हातात टॉर्च. मला बघून तिने मान वर केली. एवढी खूश मी तिला तिच्या वाढदिवसालाही बघितलेली नाही.

"पडद्यावर बघ," ती म्हणाली. "एका टोकाला कितीही तापवलं तरी दोन्ही टोकं सारखीच थंड. ऊब शिरली म्हणेपर्यंत पलीकडे गेलेली. वहिनी, जगात कुठला दगड असं करत नाही."

मी पडद्याकडे गेले. तापमान वाढत जाईल तशी स्फटिकाची ऊब वाहून नेण्याची ताकद किती, याचा आलेख होता. रेघ डावीकडून वर चढत गेलेली, मधे टेकडीसारखी गोल झालेली आणि पलीकडे घाईघाईने उतरलेली. पायथ्याशी पोचायच्या आत माप संपलं होतं.

ती टेकडी मी ओळखली. घरातल्या माणसाचं नाक ओळखावं तशी. दरवर्षी दोनदा मी ती फळ्यावर काढते. क्षणभर मला पंपाची घरघर ऐकू येईनाशी झाली.

ती टेकडी कुठल्याही दगडाची नव्हती. हेलियमची होती.

इथे थोडं सांगावं लागेल. द्रव हेलियम मुळातच भयंकर थंड असतं. त्याच्यावरची वाफ पंपाने ओढत राहिलं की ते आणखी थंड होतं, आणि एका ठरावीक तापमानाच्या खाली, त्याला आम्ही लॅम्डा म्हणतो, त्याचा स्वभाव बदलतो. लॅम्डाच्या वर ते खळखळ उकळत असतं. खाली गेलं की गप्प, एक बुडबुडा नाही. तिथून पुढे त्याच्यात दोन द्रव मिसळलेले आहेत असं धरून आम्ही हिशेब मांडतो. एक साधा, भिंतीला घासणारा, अडखळणारा, ऊब पाठीवर घेऊन फिरणारा. दुसरा कशालाच घासत नाही आणि त्याच्यापाशी ऊब अजिबात नसते. दरवर्षी कोणीतरी विचारतं, मॅडम, खरंच दोन आहेत का? मी सांगते, नाही रे बाबा. एकाच माणसाचा ऑफिसातला एक स्वभाव असतो आणि घरातला एक. माणूस एकच. त्याचा डावा हात ऑफिसचा आणि उजवा घरचा, असं काही नसतं. मुलं हसतात आणि लिहून घेतात.

पण त्या न घासणाऱ्या स्वभावाला दोन खोडी आहेत. जिथून वारासुद्धा जाणार नाही अशा फटीतून तो सहज जातो. आणि ऊब असेल तिकडे धावतो. डब्याच्या झाकणात तारा जिथून आत जातात तिथे चिकटवलेल्या थराला केसाहून बारीक तडा गेला असणार. आत ठकीने हीटर लावलेला. म्हणजे दार किलकिलं आणि वर आमंत्रण. दगडाच्या अंगाखांद्यावरून हेलियमच ऊब वाहून नेत होतं आणि ठकी ती दगडाच्या नावावर मांडत होती.

आणि हेलियम लॅम्डाच्या वर गेलं की तो न घासणारा स्वभाव संपतो. फट तीच असते, पण आता तिच्यातून बाहेर पडता येत नाही. आत जेवढं शिरलंय तेवढं अडकतं, तापायला लागतं, आणि त्याला सातशे पट जागा हवी असते. डब्याला ना नळी ना व्हॉल्व्ह. भोवती काच. आणि काचेला नाक लावून आमची ठकी.

"ठकी, पंपाचा व्हॉल्व्ह कुठे आहे?"

"हा काय, माझ्या हाताशी. बंद केलाय. आता ऊब चढू देते. लॅम्डाच्या वर माझा दगड काय करतो तेवढंच बघायचं राहिलंय."

खड्ड्याच्या कडेला वाफेचा दाब दाखवणारी तबकडी आहे; हेलियम तापत जाईल तसा तो दाब चढतो. लॅम्डा कुठे येतो ते तिने त्या तबकडीवर लाल नेलपॉलिशने रंगवून ठेवलंय. काटा त्या लाल ठिपक्याकडे निघाला होता.

"उघड तो," मी म्हणाले.

"काय?"

"व्हॉल्व्ह उघड. डब्यात हेलियम आहे."

ती हसली. "वहिनी, आज नको ना गं."

"ही टेकडी हेलियमची आहे. मी शिकवते ती. उंची, उतार, सगळं तेच."

"डबा तपासलाय मी. गरम असताना तपासला, थंड करून तपासला. टिपूस गळत नाही."

"लॅम्डाच्या खाली तपासलास?"

"लॅम्डाच्या खाली कोण तपासतं? तिथे तपासणार कसं?"

"तेच सांगतेय."

तिचं हसू गेलं. ती अडाणी नाही. बारीक तड्यातून हेलियम शिरतं, डबे फुटतात, हे तिला माझ्याहून जास्त माहीत आहे. पण ते दुसऱ्यांच्या डब्यात होतं. स्वतःच्या डब्याचं नाव निघालं की माणूस आईसारखा वागतो, आमचा तसला नाही म्हणतो.

"बरं, मग सोपं आहे," ती म्हणाली. तिचा आवाज आता कामाचा झाला होता. "लॅम्डा ओलांडू दे. दगड एकदम साधा झाला तर हेलियम होतं, तू खरी. नाही झाला तर मी खरी. परीक्षाच आहे ती."

आणि ती बरोबर बोलत होती, हेच तर भयानक होतं. तिला पटवायला जगात ती एकच परीक्षा होती. तीच घेतली असती तर दार बंद झालं असतं. काटा सरकत होता. माझ्या हातात पुरावा नव्हता, फळ्यावरची एक टेकडी होती, आणि माझी ख्याती लांडगा आला रे आला करणाऱ्या पोरासारखी. किती वेळा मी तिला फोन करून विचारलंय, पंप बंद केलास का, ऑक्सिजनचा मीटर लावलास का, काही झालं तर काय करशील.

"ठकी," मी म्हणाले, "आत हेलियम आहे. वर गेलं की डबा फुटणार. उघड."

आवाज चढवला नव्हता मी. चढवायला श्वास नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं, तबकडीकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी चाक फिरवलं. शेजारच्या खोलीत पंपाचा आवाज जड झाला. काटा लाल ठिपक्याला जवळजवळ टेकला होता. तिथे तो थरथरत थांबला आणि मग परत मागे यायला लागला. मी खुर्चीत बसले.

"आता?" ठकी म्हणाली.

"आता चल बाहेर."

"आणि हा?"

 पंप तसाच जोरात सोडून गेलो तर बाहेरचं हेलियम भराभर उडून जाईल, भरलेला डबा उघडा पडेल आणि तापेल. पंप बंद केला तर लॅम्डा ओलांडेल. इकडे आड, तिकडे विहीर. खड्ड्याच्या पलीकडच्या भिंतीमागे गॅसच्या भरलेल्या सिलिंडरांची रांग आहे आणि ती काही उचलून पळवता येत नाही. भिंत किती जाड आहे हे मी पूर्वी एकदा विचारून घेतलेलं होतं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"जी वाट आत येताना सापडली तीच बाहेर जायला चालेल," मी म्हणाले. "लॅम्डाच्या खाली आहोत तोवर. हेलियमचा पातळ थर डब्याच्या आतल्या भिंतीवरून वर चढतो, फटीतून बाहेर येतो आणि बाहेरच्या अंगाने खाली उतरतो. आतली आणि बाहेरची पातळी सारखी होईपर्यंत थांबत नाही. तू बाहेरची पातळी हळूहळू खाली ने. आतली तिच्या मागून येईल. घाई केलीस तर मागे राहील."

"किती हळू?"

"जेवढी आत गेली असेल तेवढीच हळू. संध्याकाळ होईल."

"दोन पेले," ती म्हणाली. "एकातून दुसऱ्यात आपोआप चढून उतरणारे. तू फळ्यावर काढतेस ते."

"हो."

"ते खरंच चालतं?"

"चालतं," मी म्हणाले. फळ्यावर चालतं, एवढं मनात म्हणाले.

मी दाराच्या रखवालदाराला फोन केला आणि सगळ्यांना इमारतीबाहेर काढायला सांगितलं. "मॅडम, परत सराव का?" त्याने विचारलं. मागच्या वर्षी मीच दोनदा तसले सराव करायला लावले होते. मी म्हटलं, "या वेळी सराव नाही." थोड्या वेळाने वरून पावलांचा, जिन्यावरच्या बोलण्याचा आवाज आला, मग तोही थांबला. तळघरात आम्ही दोघी, पंप आणि तो डबा एवढेच उरलो.

ठकी एका हाताने व्हॉल्व्हचं चाक धरून खड्ड्यात उभी होती आणि दुसऱ्या हाताने पट्टीवर टॉर्च. पातळी जरा वेगाने उतरली की चाक किंचित आवळायचं, काटा लाल ठिपक्याकडे गेला की किंचित सैल करायचं. वरचं टेबल, हीटरचं बटण आणि थर्मामीटरचे आकडे माझ्याकडे. दोन्ही एकटीला जमण्यासारखं नव्हतं. मी गेले असते तरी ती गेली नसती, हे मला ठाऊक होतं. आणि खरं सांगते, मला जायचं होतं. माझं सगळं अंग दाराकडे ओढत होतं.

वाट बघताना माणूस काय करतो? मी तबकडीकडे बघत होते, ठकीच्या डोक्याकडे बघत होते. तिच्या भांगात दोन पांढरे केस दिसत होते. हिला काही झालं तर सासूबाईंसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू, हा विचार येत होता आणि मागोमाग, मी तरी कुठे उरणार आहे, हा विचार. त्यानेही बरं वाटत नव्हतं. काचेत काहीच हलत नव्हतं. उकळणारं पाणी निदान आवाज तरी करतं. हे गप्प बसलेलं, आरशासारखं, आणि आत तो डबा, बाहेरून बघता तसाच चकचकीत आणि शहाण्यासारखा.

"वहिनी, बोल काहीतरी," ठकी खालून म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. भीती वाटतेय."

तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं होतं, कधी ऐकला तर मनातल्या मनात बरं वाटेल. नाही वाटलं. मी तिला शेजारणीची गोष्ट सांगितली, मग तिच्या दादाने कपाट लावताना स्वतःचं बोट कसं ठोकून घेतलं ते सांगितलं. ती हसली, पण डोळे पट्टीवरून हलवले नाहीत.

बाहेरची पातळी डब्याच्या अर्ध्यापर्यंत उतरली. आतली? आतली कोणाला दिसणार. तांबं आहे ते. आत हेलियम आहे की नाही हे विचारायचा एकच मार्ग होता. हीटरला एक छोटा झटका द्यायचा. दोन्ही टोकं सारखीच राहिली तर हेलियम अजून आहे, एक टोक तापलं आणि दुसरं थंड राहिलं तर डबा रिकामा. पण हीटर लावणं म्हणजे त्याला परत आत बोलावणं. शेवटापर्यंत विचारायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे मीच सांगितलं होतं, बजावून.

आणि मीच बटण दाबलं.

का ते मला सांगता येणार नाही. कुलूप लागलंय हे माहीत असताना मी जिना चढून परत का जाते? बोट बटणावर होतं, मनात आलं की एकदा बघू, आणि दाबलं गेलं. आकडे हलले नाहीत. हलणारच नव्हते. स्फटिक डब्याच्या तळाशी होता, तळाशी हेलियम असणारच होतं. एवढं साधं माझ्या लक्षात आलं ते दाबून झाल्यावर.

"ठकी, मी विचारलं," मी म्हणाले.

तिने वर बघितलं.  "हीटर लावलास?"

"एकदाच. बारीकसा."

"कुलूप ओढून बघितलंस," ती म्हणाली.

 ती पुढे काही बोलली असती तर मला सोसलं असतं. ती बोलली नाही, नुसतं चाक आवळलं आणि पातळी आहे तिथेच धरून ठेवली, आत ओढलं गेलेलं परत बाहेर येईपर्यंत. तो वेळ सगळ्यांत वाईट गेला. भांड्यातलं हेलियम असंही संपत चाललं होतं आणि आता त्यातलंच काही माझ्या बोटापायी वाया जात होतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, शाळेत मारकुट्या बाईंसमोर बसायचे तशी.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "मघाशी तू ऐकलंस कसं माझं?"

"म्हणजे?"

"पुरावा नव्हता. आणि मी तर नेहमीच घाबरते."

तिने टॉर्च एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तू नेहमी काय झालं तर, काय झालं तर करतेस. आज म्हणालीस, आहे. फुटणार. तुझ्या तोंडून तसं कधी ऐकलं नव्हतं."

पातळी परत उतरायला लागली. डब्याचा खालचा भाग उघडा पडला, मग तळाची कडा. पट्टीतून बघताना ठकीचा श्वास काचेवर उमटत होता आणि ती तो बाहीने पुसत होती. शेवटी पातळी डब्याच्या तळाच्या खाली गेली आणि भांड्यात जेमतेम ओंजळभर हेलियम राहिलं. काटा लॅम्डाच्या अलीकडेच होता, पण फार काळ राहणार नव्हता.

"थांब अजून जरा," मी म्हणाले. आम्ही थांबलो. 

"वहिनी. आता विचार."

आता मात्र माझं बोट पुढे जाईना. मघाशी जे आपोआप दाबलं गेलं होतं ते बटण मला दाबता येईना. आकडे हलले नाहीत तर पुढे काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते ठकीलाही माहीत होतं.

"दाब गं," ती हलकेच म्हणाली. "मी इथेच आहे."

मी दाबलं. हीटरकडच्या टोकाचा आकडा उडाला. चढला, चढत राहिला. दुसरं टोक जागचं हललं नाही. ऊब एका बाजूला साचली होती, कुठल्याही सामान्य दगडात साचते तशी.

"तापलं," मी म्हणाले. "एकच टोक. रिकामा आहे."

ठकी खालून म्हणाली, "परत दे."

मी परत दाबलं. परत तेच झालं.

"अजून एकदा."

तिसऱ्या वेळी मला कळलं की ती आता डब्याची खात्री करून घेत नव्हती. जिवावरचं टळलं ते तिला पहिल्याच वेळी समजलं होतं. उरलेल्या दोन वेळा ती दगडाला विचारत होती. मी तिसऱ्यांदाही दाबलं, कारण तिला नाही म्हणायला मला जड गेलं.

"साधाच आहे," ती म्हणाली.

"हो गं."

"किती साधा आहे." तिने टॉर्च विझवली. "बरं, तू जा आता वर. लॅम्डा ओलांडायचाय, ते मी एकटी करते. आत थेंब-दोन थेंब राहिले असतील तर डबा सोसेल तेवढं."

"आणि जास्त राहिले असतील तर?"

"म्हणून म्हणतेय, जा."

मी उठले. दार डाव्या हाताला होतं. मी शिडीकडे गेले आणि खड्ड्यात उतरले. शूर वगैरे मी झाले नव्हते. शेवटची पायरी चुकून मी ठकीच्या अंगावर आदळले. पण वर दाराशी उभं राहून तो काटा सरकताना बघणं मला त्याहून जड गेलं असतं. खड्ड्यात दोघींना धड उभं राहायलाही जागा नव्हती. मी तिचा दंड धरला. तिने चाक पूर्ण बंद केलं.

काटा निघाला. लाल ठिपक्यापाशी आला, ठिपक्यावर आला. पट्टीतून तळाचं ओंजळभर हेलियम दिसत होतं, निपचित. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. त्या निपचित द्रवात एक बुडबुडा आला. मग चार. मग सगळंच खळखळायला लागलं, चहाच्या आधणासारखं. काटा ठिपका ओलांडून पुढे गेला. डबा जागच्या जागी लटकत होता. आम्ही तशाच उभ्या राहिलो, तळाचं हेलियम उडून संपेपर्यंत, आणि त्यानंतरही बराच वेळ. डबा लटकतच होता.

मग ठकी रडायला लागली. आवाज न करता, माझ्या खांद्यावर कपाळ टेकवून. भीतीने रडत होती की दगडासाठी, मी विचारलं नाही. माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं.

शिडी चढून वर आलो तेव्हा टेबलावर तिचा फोन वाजत होता. तिच्या दादाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. तिने नाक पुसलं आणि फोन टेबलावरच ठेवून स्पीकर लावला, कारण तिचे हात चाकाने सोलवटले होते.

"काय, मोठ्या बाई," तो म्हणाला. "आई तासाभरात चारदा विचारून गेली, पेपरात नाव कधी येणार म्हणून. घरी आज गोड करायचं ठरलंय."

"दादा, काही सापडलं नाही रे," ठकी म्हणाली. "चुकलं होतं माझं. दगड साधाच निघाला."

 "असं कसं? सकाळी तर म्हणालीस की नक्की."

"वहिनी खाली आली होती. ती घाबरली, मग परत बघितलं."

तो हसला, नेहमीसारखं, अगदी मनापासून. "तिचं काय घेऊन बसलीस. ती तर कशालाही घाबरते."

ठकी हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि टेबलावरचा माझा हात आपल्या सोललेल्या हातात घेतला.

"हो," ती म्हणाली. "गोड करा म्हणावं आईला. आम्ही दोघी घरी येतोय."